रंग बारावर आला

चंबूतलं पाणी विटकरी झालं आणि मी ब्युरेटची तोटी बंद केली. आकडा बघितला. बारा. पदराने डोळे पुसून पुन्हा बघितला. बाराच. यायला हवा होता पंधराच्या पुढे.

जे सलाइन मी तपासत होते त्याच्याच दोन बाटल्या वर वॉर्डात लागल्या होत्या. दोन माणसांच्या शिरांत ते पाणी चाललं होतं.

मी चंबू धुतला आणि दुसऱ्यांदा केलं. डोळे चुरचुरत होते, म्हणून वाचण्यात चुकले असेन असं वाटलं. चुकले नव्हते. पुन्हा बारा.

“साहेब, बारावर रंग आला.”

कोठारे साहेब खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबत होते. बाहेर गल्लीत अश्रुधुराचं नळकांडं फुटलं होतं आणि धूर सगळा आमच्या लॅबमध्ये शिरला होता.

“नीट बघ.”

“दोनदा बघितलं.”

टॉवेल अर्धवट सोडून ते आले. ब्युरेटला नाक लावलं.

हे संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबाराच्या दिवसांतलं आहे. लालबागच्या एका गल्लीत एक धर्मादाय इस्पितळ होतं. आता नाही. खाली औषधं आणि लॅब, वर वॉर्ड. मी तिथे बाटल्या धुवायला लागले होते. शिक्षण मराठी चौथी. कोठारे साहेब केमिस्ट होते, गिरगावात राहायचे, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावायचे आणि सगळ्यांना टाकून बोलायचे. त्यांना एकट्याला काम उरकेना, म्हणून त्यांनी मला टायट्रेशन शिकवलं. कसं करायचं ते लवकर जमलं. का करायचं ते मला त्या दिवशी कळलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला नऊ ग्रॅम मीठ. रक्त फार गेलं, जुलाब-उलट्या झाल्या, की ते शिरेतून देतात. तेव्हा पुष्कळ इस्पितळं ते आपलं आपणच करायची. मीठ विरघळवायचं, गाळायचं, बाटल्या भरायच्या, वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये जंतू मारायचे. एका वेळी केलेल्या सगळ्या बाटल्यांना आम्ही घाणा म्हणायचो, पुऱ्यांचा असतो तसा.

मग त्या घाण्यातली एक बाटली फोडून तपासायची. त्यातलं थोडं पाणी काचेच्या नळीने तोंडाने ओढून चंबूत घ्यायचं. त्यात पिवळा रंग टाकायचा. वर ब्युरेट, म्हणजे अंगावर रेघा असलेली लांब काचेची नळी, खाली तोटी. तिच्यात चांदीचं औषध. ते थेंब थेंब सोडायचं. मीठ आहे तोवर ते मिठाशी जुळतं आणि दूध नासल्यासारखं पांढरं होतं. मीठ संपलं की पुढचा थेंब पिवळ्याचा विटकरी करतो. तिथे थांबायचं. औषध किती लागलं त्यावरून मीठ किती ते कळतं. आमचं सलाइन नेहमी पंधरा आणि वर चार रेघांवर यायचं. ते चांदीचं औषध बोटाला लागलं की बोट काळं पडतं आणि काही केल्या निघत नाही. चाळीतल्या बायका मला विचारायच्या, तू इस्पितळात आहेस की कोळशाच्या वखारीत.

टायट्रेशन झाल्याशिवाय बाटली वर जात नाही, हा साहेबांचा नियम होता. त्या दिवशी तो मोडला. सकाळपासून गोळीबार चालू होता. जखमी माणसांना लोक दाराच्या फळीवर, हातगाडीवर, खांद्यावर टाकून आणत होते. वरचं सलाइन संपलं. आमचा नवा घाणा कुकरमधून निघाला तेव्हा डॉक्टर स्वतः खाली आले. त्यांचा कोट पुढून सगळा लाल होता.

“बाटल्या द्या.”

“तपासणी व्हायची आहे,” साहेब म्हणाले.

“कोठारे, तुमचं रोज बरोबर येतं. वर दोन माणसं रिकामी होत चालली आहेत. त्यांना काय सांगू, ब्युरेट भरतोय?”

साहेबांनी दोन बाटल्या दिल्या. मी त्यांच्या जागी असते तर मीही दिल्या असत्या.

आता आकडा बारा होता.

“सौम्य झालंय,” साहेब स्वतःशीच बोलले. “पाणी जास्त पडलं असेल.” मग मोठ्याने, “सावंत! मीठ किती घातलंत?”

सावंत आमचे कंपाउंडर. पन्नाशीचे, कुडाळकडचे. मोर्चा असला की पहिल्या रांगेत, आणि दुसऱ्या दिवशी आवाज बसलेला. ते कांदा फोडून नाकाशी धरून बसले होते, धुरावर उपाय म्हणून. कांद्याने आणि धुराने मिळून त्यांचे डोळे गाजरासारखे झाले होते.

“लिटराक नऊ. नेहमीसारखे.”

“नक्की?”

“काटो हयच आसा. परत जोखून बघा.”

“पाणी?”

“पाणी मी मापलं,” मी म्हटलं. “रेघेवर होतं.”

साहेब टेबलाला धरून उभे राहिले. वजन बरोबर, पाणी बरोबर, आणि आकडा कमी. त्यांना काहीतरी सुचलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला.

“मीठ कुठल्या बरणीतलं घेतलंत?”

“फळीवरची संपली. कपाटातली दुसरी काढली.”

“आणा ती.”

इथे बरण्यांचं सांगायला हवं. आधी सगळ्या बरण्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या होत्या. सावंतांच्या डोक्यात आलं की हे बदलायचं. “इस्पितळ आमचं, बरणी आमची, मग नाव सायबाचं कशाला?” साहेबांनी कुरकुर करत परवानगी दिली. सावंतांनी घरून बोरू आणला आणि सगळ्या बरण्यांवर मराठीत नावं घातली. अक्षर मोत्यासारखं. मला फार बरं वाटलं होतं. तोवर मी बरण्या जागेवरून आणि बुचाच्या रंगावरून ओळखायची. आता वाचता यायला लागल्या. पण बोरूचं अक्षर जाड आणि चिठ्ठ्या लहान. लांब नाव मावेना. म्हणून सोडियमच्या मिठाला त्यांनी ‘सो. मीठ’ लिहिलं आणि पोटॅशियमच्या मिठाला ‘पो. मीठ’. सोडियमचं मीठ म्हणजे आपलं जेवणातलंच, शुद्ध केलेलं. पोटॅशियमचं पोटात घ्यायच्या एका औषधात थोडं थोडं लागायचं. दिसायला दोन्ही सारखी, पांढरी, खडेदार; पण पोटॅशियम जड, म्हणून तेवढ्याच नऊ ग्रॅमला चांदीचं औषध कमी लागतं.

सावंतांनी बरणी आणून ठेवली. चिठ्ठीला कधीतरी ओला हात लागला होता. शाई पसरली होती. पहिलं अक्षर म्हणजे नुसता काळा गोळा, त्याला एक काना आणि वर मात्रा.

“हे पो आहे,” साहेब म्हणाले.

“सो आसा.”

“सावंत, डोळे पुसा आणि बघा. डावीकडे पोट आहे. पो.”

“मियाच लिवलंय, तुम्ही माका शिकवतास? तो स आसा. त्याचो पाय पुसलो.”

“कुठे आहे पाय?”

“पुसलो म्हणान सांगतंय मां!”

बाहेर पुन्हा बार झाले. दोन, मग बरेच. दोघं शहाणी माणसं एका अक्षरावर भांडत होती आणि वर ते पाणी गळत होतं. सावंतांनी बरणीत बोट घातलं आणि चाटलं.

“खारट! मीठच आसा!”

“दोन्ही खारटच असतात,” साहेब ओरडले.

सावंतांनी जीभ पुन्हा टाळूला लावली. त्यांचं तोंड वाकडं झालं. मागून कडू लागलं असणार.

“हे पोटॅशियम असलं तर काय होतं?” मी विचारलं.

“पोटात गेलं तर काही नाही. शिरेतून भराभर गेलं तर हृदय थांबतं.”

मी दाराकडे वळले. साहेबांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

“थांब! नुसतं सौम्य सलाइन असेल आणि तू जाऊन बंद केलंस, तर ती माणसं रक्त जाऊन मरतील. आधी मला कळू दे.”

या वाक्याची मला अजून भीती वाटते. चालू ठेवलं तरी मरण, बंद केलं तरी मरण, आणि मधे एक पुसलेलं अक्षर.

साहेबांनी बर्नर पेटवायला काडी ओढली. मोडली. दुसरी विझली. तिसरी मी ओढली. त्यांनी एक बारीक तार घेतली. आधी फळीवरच्या रिकाम्या बरणीच्या तळाशी जे कण राहिले होते ते तारेला लावले आणि ज्योतीत धरले. ज्योत पिवळीजर्द झाली. सोडियमची ज्योत तशीच होते, स्वयंपाक करताना मीठ चुलीत सांडलं की दिसते तशी. मग त्यांनी तार आम्लात धुतली, पुन्हा जाळली, आणि सावंतांच्या बरणीतले कण लावले.

ज्योत जांभळट झाली. वांग्याच्या फुलासारखी.

“पळ,” साहेब म्हणाले. “नळीचा चाप बंद कर. कोणाला विचारत बसू नकोस.”

जिना माणसांनी भरलेला होता. पायरीपायरीला कोणी बसलेलं, कोणाचं डोकं बांधलेलं, कोणी नुसतंच भिंतीला टेकून खोकत. मी बाजूला व्हा, बाजूला व्हा म्हणत होते आणि कोणी होत नव्हतं, कारण सगळेच तसं म्हणत होते. एकाच्या हातावर माझा पाय पडला. त्याने शिवी दिली. रक्तावरून पाय घसरला आणि गुडघा फुटला. मला एकच दिसत होतं, की बाटलीतलं पाणी खाली खाली येतंय.

वॉर्डात दाराशीच पहिली खाट होती. त्यावर गिरणीतला एक तरुण. पोटात गोळी. शुद्ध नव्हती. त्याच्या डोक्यावरची बाटली मी पाहिली. उलट्या टांगलेल्या त्या बाटलीत पाणी फक्त मानेत उरलं होतं. शांत पडलेला हात, सरळ नळी, पाणी बिनअडथळा गेलं होतं. मी चाप आवळला.

“ए बाई!” सिस्टर पलीकडून धावली. “हात लावू नको! नोकरी जाईल तुझी!”

“जाऊ दे. हे सलाइन चुकलंय. दुसरी बाटली कुठे?”

“काय चुकलंय? कोणी सांगितलं?”

“दुसरी कुठे लावली ते सांगा!”

सांगायची गरज पडली नाही. कोपऱ्यातून माझ्या नावाने हाक आली, “शेवंता, गो शेवंता! ह्या काढ गो आधी! माझो हात जळता!”

गोदाक्का. लालबागमध्ये तिची खाणावळ होती. गाळ्यांत, म्हणजे एकेका खोलीत दाटीने, राहणारे निम्मे गिरणी कामगार तिच्याकडे जेवायचे. गल्लीत धावपळ झाली तेव्हा ती खाणावळीची फळी लावायला बाहेर आली होती. गोळी मांडीतून आरपार गेली होती. खाटेखाली भांडं भरेल एवढं रक्त गेलं होतं, पण तोंड चालू होतं.

मी तिचा चाप आवळला. बाटली पाव सुद्धा उतरली नव्हती.

“हिने काय छळलंय,” सिस्टर म्हणाली. “हात जळतो म्हणून सारखा कोपर दुमडते. मी सरळ करते, ही दुमडते. ड्रिप चालतच नाही. बांधणार होते मी तिचा हात फळीला.”

“मघाधरून सांगतंय ह्या बायेक, भाजता म्हणान. ऐकता कोण? माझ्याकडे जेवक येवांदे, मग दाखयतंय.”

जळत होतं ते पोटॅशियममुळे. शिरेत ते आगीसारखं लागतं. हे साहेबांनी मागून सांगितलं. तेव्हा मला एवढंच कळलं की दुमडलेल्या कोपरामुळे तिला फार पाणी गेलं नव्हतं.

साहेब जिना चढून आले. धाप लागली होती, कोटाची बटणं तुटली होती. डॉक्टरांना त्यांनी दोनच शब्द सांगितले, “पोटॅशियम गेलंय.” डॉक्टर पहिल्या खाटेकडे वळले. मग त्यांनी त्या तरुणाचा हात धरला. नाडी बघताना त्यांचे ओठ हलत होते. हलायचे थांबायचे, पुन्हा हलायचे. नाडी तशीच चालली होती.

“कॅल्शियम आणा, सिस्टर. लवकर.”

त्यावर तो उतारा असतो. डॉक्टरांनी सुई लावली आणि हळूहळू औषध सोडलं. आम्ही तिघंचौघं त्या खाटेभोवती उभे. बाहेर घोषणा चालू होत्या. मी त्याच्या छातीकडे बघत होते. पिंजऱ्यातलं पाखरू थकावं तशी ती हलत होती. मग हलेना. डॉक्टरांनी छाती चोळली, कान लावला, पुन्हा चोळली. मग सरळ उभे राहिले.

“गोळी यकृतात होती, कोठारे. तो असाही वाचला नसता.”

“असेल,” साहेब म्हणाले. “पण ते आता कळायचा मार्ग नाही.”

सावंत जिन्यात उभे होते. वर यायची त्यांची हिंमत झाली नव्हती. आम्ही उतरलो तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि खाली बसले.

“सावंत, उठा,” साहेब म्हणाले. “वर अजून माणसं आहेत. सलाइन पाहिजे.”

“माका जोखूक सांगू नकात.”

“मी जोखतो. तुम्ही पाणी गाळा.”

त्या घाण्यातल्या उरलेल्या बाटल्या साहेबांनी स्वतः मोरीत ओतल्या. वर ओरड चालली होती आणि आम्ही भरलेल्या बाटल्या ओतत होतो. कपाटात मागे सोडियमची बरणी सापडली. साहेबांनी तिच्यावरची चिठ्ठी वाचलीच नाही. आधी ज्योतीत धरलं. पिवळी. मग पाणी, मीठ, गाळणं, कुकर. कुकरला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. त्याला घाई चालत नाही. डॉक्टर दोनदा खाली येऊन गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा दाराशीच उभे राहिले.

मी एक बाटली फोडली. नळीने ओढून चंबूत घेतलं. कोपर टेबलाला टेकवलं. तोटी सोडली. दहा गेले. अकरा. बाराजवळ आले तेव्हा माझा हात तोटीवर आखडला. थेंब पडला. जरा लालसर झाल्यासारखं दिसलं आणि चंबू हलवला तसं पुन्हा पिवळं. तेरा. चौदा. माझ्या पाठीमागे सावंत नाकाने श्वास घेत होते, तेवढा ऐकू येत होता. पंधरा. मग एकेक थेंब. चौथ्या रेघेवर विटकरी रंग आला आणि राहिला.

“पुन्हा कर,” साहेब म्हणाले.

पुन्हा केलं. तेच आलं.

“तिसऱ्यांदा.”

तिसऱ्यांदाही तेच आलं. मग डॉक्टरांनी स्वतः बाटल्या उचलल्या. गोदाक्काला त्यातली पहिली लागली. या वेळी ती ओरडते का ते ऐकायला मी जिन्याखाली उभी राहिले. ती ओरडत होती, पण पेज मागत होती.

साहेबांनी जाऊन विश्वस्तांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गप्प बसायला सांगितलं. त्या दिवसांत मेलेला प्रत्येक माणूस गोळीच्याच नावावर जमा होत होता, त्यात हाही झाला. त्या तरुणाचं नाव आम्हाला संध्याकाळी कळलं. इथे लिहीत नाही. त्याची माणसं असतील.

सावंत दुसऱ्या दिवशी पाण्याची बादली आणि सुरी घेऊन आले आणि आपल्या चिठ्ठ्या खरवडायला लागले. म्हणाले, परत इंग्रजी लावतो, मराठीत लिहून माणूस मारला. साहेबांनी सुरी काढून घेतली.

“मराठीने कोणी मेलं नाही, सावंत. दोन अक्षरांत नाव उरकलं म्हणून मेलं. मोठी चिठ्ठी घ्या. सोडियम क्लोराइड. पूर्ण लिहा. वर मेण लावा.”

सावंतांनी सगळ्या बरण्यांना नव्या चिठ्ठ्या लावल्या. मराठीतच, पूर्ण नावं. पोटॅशियमची बरणी साहेबांनी वेगळ्या कपाटात कुलपात ठेवली. सावंत पुढे निवृत्त होईपर्यंत तिथे होते, पण मीठ त्यांनी परत कधी जोखलं नाही. मोर्चाला जात राहिले.

मी पुष्कळ वर्षं टायट्रेशन केलं. शिकायला आलेल्या मुलींना एवढंच सांगायची, की बाटली बरोबर आहे हे रोज बरोबर येतं म्हणून समजू नका, आणि नाव लिहायचं तर अख्खं लिहा, कागद कमी पडला तर दुसरा घ्या. आणि शिरेत जळतं असं कोणी म्हणालं तर आधी नळी बंद करा, मग त्याला गप्प करा.

त्या घाण्यातल्या दोन बाटल्या दोघांना लागल्या होत्या. गोदाक्का जगली.